आयटीआयनंतर कार्यालयातील कार्य प्रशिक्षण की कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले असून वीजतंत्री व्यवसायाचा दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला आहात. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तालुक्याच्या ठिकाणी एका शासकीय कार्यालयात दरमहा ८,००० रुपये विद्यावेतनावर जागा मिळण्याची शक्यता आहे, तर दुसरीकडे पुण्याजवळच्या चाकणच्या एका कारखान्यात एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी ७,००० रुपयांवर मिळते आहे. घरच्यांचे म्हणणे आहे की कार्यालयात चिकटलेला मुलगा पुढे कायम होईल. धाकट्या बहिणीची बी.ए. झाली आहे, तिने काय करावे, हेही तुम्ही विचारले आहे. शिवाय ‘नोकरीच्या हमीसह मोफत प्रशिक्षण’ देतो असे सांगून एक गृहस्थ नोंदणीसाठी ३,५०० रुपये मागत आहेत. शिल्प निदेशक म्हणून आणि नंतर शिकाऊ उमेदवारीच्या कामात माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर देतो.

तुम्ही शिकाऊ उमेदवारी घ्यावी, बहिणीने कार्यालयातील प्रशिक्षण घ्यावे आणि त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नये, असे माझे मत आहे. बेरोजगार तरुणांसाठीच्या कोणत्याही योजनेत पाय ठेवण्यापूर्वी, ज्या दिवशी विद्यावेतन बंद होईल त्या दिवशी आपल्या हातात कोणते कौशल्य आणि कोणता कागद राहील, हे आधी तपासावे लागते. दरमहा मिळणाऱ्या रकमेची तुलना त्यानंतर करावी.

शिकाऊ उमेदवारी ही १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चालते. योजना येतात, त्यांची नावे बदलतात, निधी संपला की त्या थांबतात. हा कायदा मात्र साठ वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे कारखाना तुम्हाला घेतो तेव्हा तो तुमच्यावर उपकार करत नसतो, तर कायद्याने सांगितलेली जबाबदारी पार पाडत असतो, आणि ही गोष्ट लक्षात ठेवूनच प्रश्न विचारण्याचे धैर्य करावे. वर्ष पूर्ण झाल्यावर अखिल भारतीय व्यवसाय चाचणी होते आणि उत्तीर्ण झालेल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि हे प्रमाणपत्र अशी जोडी ज्याच्याकडे आहे, त्याचा अर्ज कारखान्यातील मनुष्यबळ विभागात वेगळा काढून ठेवला जातो, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

हा कायदा काय देत नाही, हेही सांगितले पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्यामुळे कामगार कायद्यांचे बहुतेक लाभ त्याला मिळत नाहीत. वर्ष संपल्यावर मालकाने त्याला नोकरी दिलीच पाहिजे, असेही बंधन नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे प्रशिक्षण घेतलेल्यांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरवायचे आहे, एवढेच कायदा म्हणतो. सार्वजनिक आस्थापनांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे असे सांगितले. रेल्वे आपल्याच आस्थापनांमध्ये शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या वेतनस्तरावरील पदांच्या भरतीत वीस टक्के जागा राखून ठेवते. म्हणून पुढेमागे रेल्वे कार्यशाळा, एस.टी.ची विभागीय कार्यशाळा किंवा महावितरण यांची शिकाऊ उमेदवारांसाठी जाहिरात आली आणि तोपर्यंत तुमचा दुसरीकडे करार झालेला नसला, तर तिथे आधी अर्ज करावा.

आता पैशाचा हिशेब. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय उत्तीर्ण शिकाऊ उमेदवाराला किमान ७,००० रुपये विद्यावेतन द्यावे लागते. यात वाढ करण्याची शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये केलेली आहे, त्यामुळे करार करताना त्या दिवशी लागू असलेला दर विचारून घ्यावा. ही किमान रक्कम आहे. अनेक मोठे कारखाने यापेक्षा जास्त देतात आणि कँटीन व बसची सोयही करतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, कमाल १,५०० रुपये इतका वाटा केंद्र सरकार उचलते आणि तो थेट उमेदवाराच्या खात्यावर येतो. त्यामुळे कारखान्याची रक्कम एका तारखेला आणि सरकारची दुसऱ्या, बऱ्याचदा बऱ्याच उशिराच्या तारखेला जमा होते. पहिल्या महिन्यात कमी पैसे आले म्हणून काम सोडून गावी परतलेली मुले मी पाहिली आहेत. जाण्यापूर्वी घरून दोन महिन्यांच्या खर्चाची तजवीज करून जावे. चाकणला कॉट बेसिसवर राहणे आणि मेसचा डबा यांत विद्यावेतनाचा मोठा भाग संपतो, आणि घरी पाठवायला फारसे काही उरत नाही. वडिलांना हे आधीच स्पष्ट सांगून त्यांची संमती घ्यावी, कारण अर्धवट सोडलेल्या शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र मिळत नाही.

मग घराजवळचे आठ हजार सोडून इतक्या लांब सातवर का जायचे? याचे उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. आयटीआयमध्ये तुम्ही स्टार-डेल्टा स्टार्टरची, म्हणजे मोठी मोटर सुरू करण्याच्या साधनाची, जोडणी बोर्डावर केली असेल. ती बहुतेक वेळा वीजपुरवठा बंद असताना आणि निदेशक शेजारी उभे असताना केलेली असते. मुलाखतीत अनुभवी अभियंता विचारतो की थ्री-फेज मोटर उलटी फिरू लागली तर काय करशील. कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करीन, हे उत्तर पुस्तकात आहे आणि सगळेच देतात. ज्याने वर्षभर देखभाल विभागात काम केले आहे तो मात्र आधी आयसोलेटर, म्हणजे वीजपुरवठा तोडणारा मुख्य स्विच, बंद करून त्याला कुलूप आणि सूचनेची पाटी लावीन, टेस्टरने तिन्ही फेज मृत असल्याची खात्री करीन, मग जोडणी बदलीन आणि मोटर यंत्रापासून सुटी करून दिशा तपासीन, असा क्रम सांगतो. विचारणाऱ्याला ऐकायचा असतो तो हा क्रम. मेगर या उपकरणाने वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा रोध मोजणे, जळालेला कॉन्टॅक्टर ओळखणे, उत्पादन थांबलेले असताना पर्यवेक्षक डोक्याशी उभे असूनही शांतपणे दोष शोधणे, या गोष्टी यंत्राजवळ राहूनच अंगवळणी पडतात. तहसील किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात अर्जांची माहिती संगणकात भरण्याचे काम वाईट नाही, पण अकरा महिने ते करणाऱ्या वीजतंत्र्याचा हात मात्र सुटतो. वर्षभराने कारखान्यात गेल्यावर मधल्या काळात काय केले, या प्रश्नाला त्याच्याकडे सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

चाकणला रुजू होण्यापूर्वी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. कारखाने ‘ट्रेनी’ या नावाखाली अनेक प्रकारची मुले घेतात. त्यांतली काही ठेकेदाराची असतात, काही कुठल्याशा संस्थेमार्फत आलेली असतात आणि काही खरोखर शिकाऊ उमेदवार असतात. गणवेश सगळ्यांचा सारखाच असतो. फरक कराराचा असतो. शिकाऊ उमेदवारीचा करार केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदवला जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि त्यात व्यवसायाचे नाव, कालावधी व विद्यावेतन लिहिलेले असते. हा क्रमांक मिळाल्याशिवाय तुम्ही कायद्याने शिकाऊ उमेदवार ठरत नाही, आणि वर्ष संपल्यावर परीक्षेला बसायला गेलात तर नाव सापडत नाही. करारात व्यवसाय ‘वीजतंत्री’ असाच आहे ना, हेही वाचून घ्यावे. वीजतंत्र्याला पॅकिंग किंवा असेंब्लीच्या एखाद्या भूमिकेखाली नोंदवलेले करार मी पाहिले आहेत. दैनंदिनी रोज भरावी आणि तिच्यावर पर्यवेक्षकाची सही आठवड्याच्या आठवड्याला घ्यावी. प्रशिक्षणाच्या काळात इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी कायद्याच्या कलम १६ नुसार मालकावर असते, हे तुमच्या आईवडिलांनाही माहीत असू द्यावे. अडचण आली तर जिल्ह्यातील मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला बीटीआरआय म्हणतात तिथे, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. चाकणची जागा मनाजोगी न वाटल्यास निराश होऊ नये. शासकीय आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचे मेळावे भरतात आणि तिथे लातूर, वाळूज, रांजणगाव अशा ठिकाणच्या आस्थापना एकाच दिवशी भेटू शकतात.

आता घरच्यांच्या आशेविषयी, कारण तुमच्या निर्णयात खरी अडचण तीच आहे. युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. गावोगावी तिला ‘लाडका भाऊ’ म्हणू लागले. १८ ते ३५ वयोगटातील, शिक्षण चालू नसलेल्या, महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या उमेदवारांसाठी ती आहे. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असे तिचे दर आहेत. सुरुवातीला तिचा कालावधी सहा महिन्यांचा होता, पुढे २०२५ मध्ये तो अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आला. याच मुदतवाढीमुळे ‘हळूहळू वाढवत नेतील आणि एक दिवस कायम करतील’ असा समज पसरला. प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलनेही केली. त्यांचे दुःख मला पुरते कळते. ज्या कार्यालयात मंजूर पदे रिकामी आहेत तिथे या मुलांनी पूर्ण वेळ काम केले, लोकांचे दाखले वेळेवर दिले आणि मुदत संपल्यावर त्यांना घरी जावे लागले. रिक्त पदे भरण्याऐवजी प्रशिक्षणार्थींकडून काम करून घेणे हे त्या मुलांवर आणि त्या कार्यालयात येणाऱ्या नागरिकांवरही अन्याय करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु कायद्याची स्थिती तुम्हाला माहीत असायला हवी. १० एप्रिल २००६ रोजी कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की जाहिरात आणि खुली स्पर्धा यांशिवाय तात्पुरत्या स्वरूपात आलेल्या व्यक्तीला केवळ काही काळ काम केले म्हणून शासकीय सेवेत कायम होण्याचा हक्क मिळत नाही. रीतसर नियुक्ती न मिळालेल्या रोजंदारी कामगारांनाही हा निकाल आडवा येतो. मग विद्यावेतनावरच्या प्रशिक्षणार्थीची बाजू त्याहून कमकुवत ठरते. योजनेतही कायम नोकरीची हमी दिलेली नाही. तेव्हा शासनाने उद्या काही वेगळा निर्णय घेतला तर आनंदच आहे, पण त्या आशेवर पंचविशीतली वर्षे लावू नयेत.

या ठिकाणी थोडे मागे जाऊन सांगतो. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूरला केलेल्या प्रयोगातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी ठरली. ती हमी अंगमेहनतीच्या, अकुशल कामाची होती. शिकलेल्या तरुणासाठी तसा हक्क कधीच निर्माण झाला नाही. १९७९ मध्ये ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देण्यासाठी सुरू झालेल्या ‘ट्रायसेम’ योजनेपासून आजच्या कौशल्य योजनांपर्यंत त्याच्या वाट्याला आले ते सगळे मुदतीचे आणि तरतुदीवर अवलंबून असलेले आहे. म्हणून सुशिक्षित बेरोजगाराने योजना निवडताना अधिक चोखंदळ असावे लागते, आणि म्हणूनच कायद्याचा आधार असलेल्या मार्गाला मी पहिली पसंती देतो.

बहिणीच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे, कारण तिची गरजच वेगळी आहे. बी.ए. झालेल्या मुलीकडे कोणत्याही विशिष्ट व्यवसायाचा हात नाही, जो सुटेल. तिला दरमहा १०,००० रुपये मिळतील, घरी राहता येईल आणि कार्यालयीन कामाची ओळख होईल. मात्र त्या महिन्यांत तिने एक गोष्ट पूर्ण करावी, ती म्हणजे शासनमान्य संगणक टंकलेखन परीक्षा, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. लिपिक-टंकलेखक पदाच्या जाहिरातीत ही अट असते आणि अर्ज भरताना हजारो पदवीधर तिथेच अडतात. सकाळी क्लास, मग कार्यालय, आणि रात्री गट-क सेवेच्या परीक्षेचा अभ्यास, असा दिनक्रम कष्टाचा आहे, पण विद्यावेतनामुळे क्लासची व परीक्षेची फी तिला कोणाकडे मागावी लागणार नाही, हा या योजनेचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो. हजेरीकडे लक्ष द्यावे. महिन्यात दहा किंवा अधिक दिवस गैरहजर राहिल्यास त्या महिन्याचे विद्यावेतन मिळत नाही, त्यामुळे परीक्षेसाठीच्या सुट्या विचारपूर्वक घ्याव्यात. शेवटी आस्थापनेकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नेमके कोणते काम केले हे लिहून घ्यावे. ‘समाधानकारक’ एवढाच शेरा पुढच्या नोकरीत कोणाच्या उपयोगी पडत नाही.

दोघांनाही लागू असलेली एक बाब बँक खात्याची आहे, आणि तक्रारींचा मोठा भाग इथूनच येतो. ‘माझे आधार बँकेला जोडलेले आहे’ असे प्रत्येक जण सांगतो. प्रत्यक्षात खाते उघडताना आधारची प्रत देणे वेगळे आणि शासनाची रक्कम येण्यासाठी त्या खात्याची आधारशी संलग्न नोंद होणे वेगळे. एका आधार क्रमांकावर अशी नोंद एकाच खात्याची असते आणि शेवटी ज्या बँकेत ती केली तिथे पैसे जातात. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते, मधेच मोबाइलवर उघडलेले दुसरे खाते आणि आता अर्जात लिहिलेले तिसरे, अशा घोळात विद्यावेतन विसरलेल्या खात्यात महिनोन्‌महिने पडून राहते. बँकेत जाऊन किंवा आधारच्या संकेतस्थळावर कोणते खाते संलग्न आहे ते रुजू होण्यापूर्वीच पाहून घ्यावे. तसेच दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी असते. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, तर कुठे फक्त आद्याक्षर असते. पोर्टलवर जसे नाव जाईल तसेच ते प्रमाणपत्रावर छापून येते आणि पुढे कागदपत्र पडताळणीत त्यावरून प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. नावातली तफावत आजच दुरुस्त करावी.

३,५०० रुपये मागणाऱ्यांविषयी जास्त लिहिण्याची गरज नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, ग्रामीण युवकांसाठीची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम उमेदवारासाठी मोफत असतात; राज्य शासनाच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवरील नोंदणीही मोफत आहे. नोकरीची लेखी हमी कोणतीही शासकीय प्रशिक्षण योजना देत नाही. त्यांनी पुन्हा गाठले तर संस्थेचा प्रशिक्षण केंद्र क्रमांक लेखी मागावा आणि तो घेऊन लातूरच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात चौकशी करावी.

शिकाऊ उमेदवारीनंतर पहिली नोकरी धराल तेव्हा भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, हे आधी विचारावे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात प्रथमच या निधीचे सदस्य होणाऱ्या, दरमहा एक लाखापर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेत एका महिन्याच्या वेतनाइतकी, कमाल १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या सेवेनंतर आणि दुसरा बारा महिन्यांनंतर देय होतो. कायद्याखालील शिकाऊ उमेदवाराला हा निधी लागू होत नाही, त्यामुळे चाकणचे वर्ष पूर्ण करूनही तुमची ही पात्रता शाबूत राहते. अर्थात त्यासाठी मालकाची आस्थापना योजनेच्या अटींत बसली पाहिजे आणि तुमचे नाव खरोखर निधीत भरले गेले पाहिजे. ठेकेदार ‘हातात जास्त देतो, पीएफ नको’ म्हणाला तर ते मान्य करू नये.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी स्वतःचे मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने भरून देण्याचे, दुकान काढण्याचा विचार ओझरता लिहिला आहे. तो चांगला आहे आणि औशासारख्या विहिरी-बोअरच्या भागात त्याला काम कमी पडणार नाही. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांत ग्रामीण भागात प्रवर्गानुसार पंचवीस ते पस्तीस टक्के अनुदान असते आणि स्वतःचा हिस्सा पाच ते दहा टक्के घालावा लागतो. पण हे अनुदान रोख हातात येत नाही. प्रधानमंत्री कार्यक्रमात बँक ती रक्कम कर्जदाराच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून बाजूला ठेवते, तेवढ्या रकमेवर कर्जाचे व्याज लावत नाही आणि व्यवसाय सुरू असल्याची पडताळणी झाल्यावर ती कर्जात वळती करते. म्हणजे हप्ते पहिल्यापासून भरायचेच असतात. आज अनुभव नसताना फाइल केलीत तर शाखाधिकारी पहिल्याच भेटीत गिऱ्हाईक कुठून आणणार, तांब्याच्या तारेचा भाव काय चालला आहे, पाच अश्वशक्तीची मोटर भरायला किती खर्च येतो असे विचारतील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. चाकणचे वर्ष पूर्ण करा, जमल्यास त्यानंतर काही महिने लातूरच्या एखाद्या चालत्या रिवाइंडिंगच्या दुकानात हात बसवा, तारतंत्री (वायरमन) परवाना काढा आणि मग जिल्हा उद्योग केंद्रात प्रकल्प अहवाल घेऊन जा. त्या अहवालातील आकडे सायबर कॅफेवाल्याने भरलेले नसावेत. ते स्वतः दुकानात बसून टिपलेले असावेत.